खमिराचं खाणं

९ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी आज निदान सांगितलं. हिला गहू चालत नाही. गहू, जव आणि त्यांच्या भाऊबंदांपैकी कुणीही. आतड्याचं अस्तर झिजलं आहे, त्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून रक्त कमी, म्हणून जिना चढताना धाप. यावर औषध नाही. गहू सोडायचा, आयुष्यभर. कणभरसुद्धा पोटात जाता कामा नये.

ही म्हणाली, "एवढंच ना?" मग जे विचारायला आली होती ते विचारलं. "जुलैत मुलीकडे जायचंय. पहिलं बाळंतपण आहे तिचं. विमानानं जावं लागतं."

"रक्त भरलं तर खुशाल जा. आज विचाराल तर नाही. एप्रिलमध्ये पुन्हा तपासू."

परतताना बसमध्ये मी हिला सांगितलं, आजपासून स्वयंपाकघर माझ्याकडे.

"तुमच्याकडे? चहाची गाळणी कुठे असते, सांगा बरं."

"कुठे असते?"

"तेच म्हणतेय मी."

माझं आयुष्य वजनमाप खात्यात गेलं. दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडलो. शिस्त सोडून माझ्यात दुसरा गुण नाही. पण या दुखण्याला शिस्तच लागते.

१२ जानेवारी

स्वयंपाकघर रिकामं केलं. पिठाचा डबा कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला देऊन टाकला. चाळणी नवी, सुरी नवी, पाव कापायची फळी नवी. फटींत जुनं पीठ राहतं म्हणून ओट्याच्या कडा टाचणीनं कोरून काढल्या. ही दारात उभी राहून बघत होती.

"घरात लग्न निघालंय का कुणाचं?"

पाहुण्यांच्या बिस्किटांचा डबा तेवढा ठेवला. सगळ्यांत वरच्या फळीवर, घट्ट झाकणाचा.

"मग मी काय खायचं?"

"तेच शोधतोय मी."

"भात आहे. बटाटे आहेत. अंडी आहेत," ही म्हणाली.

हे आजारी माणसाचं खाणं झालं. मला हिला आजाऱ्यासारखं ठेवायचं नाही. सकाळी चहाबरोबर पाव, हे या घरात कधी चुकलेलं नाही. तर पाव झालाच पाहिजे.

१८ जानेवारी

दुकान सापडलं. पोस्टाच्या मागच्या गल्लीत, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी. पाटीवर फक्त 'धान्य आणि बिया' एवढंच. आत शिरताच तीळ, सुकी मुळं, मेण आणि खाकी कागद यांचा मिळून एक वास आला. एका भिंतीला नुसते खण, प्रत्येकाला पितळी कडी. दुसऱ्या भिंतीला काचेच्या बरण्या. कुट्टू, राजगिरा, शिंगाडा, जवस, आणखी कशाकशाची पिठं. काहींची नावं मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली.

मी दुकानात शिरलो की मालकाचा चेहरा उतरायचा, हीच मला सवय. इथे बाई हसल्या. चाळिशीच्या असतील. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली.

सवयीनं आधी तराजू पाहिला. काटा शून्यावर, पारडं स्वच्छ, खात्याचा शिक्का ताजा. मन तिथेच बसलं.

"काय करायचंय काका?"

"पाव. गव्हाशिवाय."

"अरे देवा," म्हणत बाईंनी मला बसायला स्टूल दिलं.

कुट्टूचं, म्हणजे गव्हाशी नातं नसलेल्या एका बीचं पीठ, साबुदाण्याचं पीठ, इसबगोल, जवस घेतलं. सगळ्याच्या वेगळ्या पुड्या, प्रत्येकीला सुतळीची गाठ. पिशवी घेऊन मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी आलो. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. तासभर हिच्या दुखण्याची आठवणही झाली नाही.

२५ जानेवारी

पहिला पाव. बाहेरून वीट, आतून खळ. हिची धाकटी बहीण आली होती. तिनं तो हातात घेऊन तोलला.

"भावोजी, वाऱ्यानं दार आपटतं ना तुमचं? हा लावा."

दोघी हसल्या. ही इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. पाणी जास्त झालं, एवढाच त्याचा अर्थ.

७ फेब्रुवारी

इसबगोल दोन प्रकारचं असतं, जाडं आणि बारीक. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आणलं ते जाडं. बारीक संपलंय. पुढच्या आठवड्यात येईल, असं बाई मागच्या आठवड्यात म्हणाल्या होत्या. कुट्टूचा नवा माल आला तो आधीच्यापेक्षा काळा; पाणी निराळं लागतं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. एक गोष्ट जागेवर बसवावी तर दुसरी हलते. नुसते नाकी नऊ आले आहेत.

दुकानात एक गृहस्थ रोज भेटतात. त्यांचा सगळ्यावर एकच उपाय, भिजवा. धान्य भिजवा, बिया भिजवा, डाळी भिजवा. आज मला म्हणाले, "वहिनींना भिजवून बघितलंत का? म्हणजे, बदाम!" बाईंनी खणाआड तोंड लपवलं. मला हसू आलं, हे इथे नोंदवून ठेवतो. या दुकानाबाहेर मला हल्ली हसू येत नाही.

घरी सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "रोज जाता तिथे?"

"रोज नाही."

रोजच जातो. आज काही घ्यायचं नव्हतं तरी गेलो.

२० फेब्रुवारी

दोष सापडला. पाव फुगत नाही, कारण बाजारचं यीस्ट कुट्टूला उचलत नाही. जुनं, जिवंत खमीर हवं. बेकरीवाल्याकडून वाटीभर मागून आणलं. पांढरं, चिकट, आंबूस वासाचं. काचेच्या बरणीत ठेवलं आहे. आता त्याला कुट्टूच्या पिठावर वाढवायचं. दर दिवशी थोडं काढून टाकायचं, थोडं नवं पीठ आणि पाणी घालायचं. पंधरवड्यात जुनं काही उरणार नाही. विरजणासारखंच हे. दही लागलं की विरजण कुणाच्या घरचं होतं, कोण विचारतं?

हिनं बरणी पाहिली. "हे काय?"

"खमीर. जिवंत आहे."

"घरात आणखी एकाचं करायचं म्हणा आता."

१ मार्च

खमीर मरगळलं आहे. वर करडं पाणी सुटतं. एक बुडबुडा नाही. कुट्टू त्याला मानवत नाही. त्याच्यापाशी बसून राहिलो. बसून काय होणार?

४ मार्च

बेकरीवाल्याकडून कागदात बांधून मूठभर साधं पीठ आणलं. एक चमचा घातला. संध्याकाळपर्यंत बरणी काठोकाठ. झाकण उचललं गेलं होतं. मी एकटाच होतो, तरी मोठ्यानं "वा!" म्हणालो.

काळजी पूर्ण घेतली. साधं पीठ स्वयंपाकघरात आणलेलं नाही. ते बाल्कनीत, कुंड्यांच्या मागे, डब्यात डबा घालून ठेवलं आहे. खमिराला खायला घालायचं ते तिथेच, हातमोजे घालून, वारा नसताना. नंतर हात दोनदा साबणानं. घरात कणही उडणार नाही.

त्याचं खाणं त्याला. पाव आपला कुट्टूचाच.

८ मार्च

पाव झाला. पाव! वर तडा गेलेला, आत जाळी. थंड होईपर्यंत मी स्वयंपाकघरातून हललो नाही. ही एक तुकडा खाऊन थांबली आणि म्हणाली, "चांगला झालाय हो." मग दुसरा घेतला.

अर्धा पाव कागदात गुंडाळून दुकानात नेला. बाईंनी पावाच्या पोटाला बोट लावून दाबून पाहिलं. भिजवणाऱ्यांनी विचारलं, पीठ भिजवलं होतं का. म्हटलं, पीठ भिजवल्याशिवाय पाव कसा होईल? त्यांना आपलं म्हणणं सिद्ध झाल्याचा फार आनंद झाला.

२४ मार्च

पाव आता रोज होतो. पण हिच्या पोटात पुन्हा गडबड. रात्री नीट झोपत नाही. सकाळी जिना चढताना मधल्या वळणावर थांबली, कठडा धरून. मी खालून बघत होतो. तिला ते कळलं नाही.

मुलीचा फोन आला. हिनं सांगितलं, "उत्तम आहे गं. तुझे बाबा मला ताजा पाव घालतायत रोज. टोपडी विणायला घेतलीत." फोन ठेवून आडवी झाली.

१० एप्रिल

निकाल. रक्त होतं तेवढंच, किंबहुना किंचित कमी. दुसरा, आतड्याच्या त्रासाचा जो आकडा उतरायला हवा होता तो उतरलेला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठून तरी पोटात जातंय."

"शक्य नाही," मी म्हटलं. "घरात गहू नाही."

"बाहेर काही खाता?" हिला विचारलं.

"नाही."

"एवढंसं बिस्किट? कुणाकडे गेल्यावर?"

"नाही हो."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हिच्याकडे पाहिलं. हिनं ते पाहिलं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "जूनमध्ये पुन्हा असंच आलं तर?" मी म्हटलं, येणार नाही. इतकी मेहनत पालथ्या घड्यावर पाणी होऊ देणार नाही.

१३ एप्रिल

दुकानात जाऊन सगळे खण उघडून पाहायला मागितले. कुट्टूच्या खणातला डाव दुसऱ्या खणात जातो का? वरच्या बरणीतलं खाली सांडतं का? दळण कुठून येतं, त्या गिरणीत आणखी काय दळतात? बाईंनी सगळं दाखवलं. प्रत्येक खणात त्याचा त्याचा डाव, साखळीनं बांधलेला. कुट्टूची गिरणी वेगळी. गहू त्या दुकानात ठेवतच नाहीत.

शेवटी पेन्सिल अंबाड्यात खोचत म्हणाल्या, "काका, आज गिऱ्हाईक म्हणून आलात की खात्याकडून?"

काही न घेता परत आलो. शहरातली एकच जागा मला आवडत होती, तिथे मी असं वागलो. पण विचारल्याशिवाय कळणार कसं?

३० एप्रिल

दुकान नाही. गिरणी नाही. भांडी नाहीत, सगळी बदलली. नळाला जाळी लावली. माझे बाहेरचे कपडे दाराबाहेर काढतो. हिच्यासाठी वेगळा टॉवेल. आता उरलं काय?

खमीर मात्र मजेत आहे. आधी मरगळलं तरच चमचा घालायचो. हल्ली रोज घालतो, त्याशिवाय हवी तशी जाळी पडत नाही. घरात एक तरी जीव नीट खातोय.

६ मे

वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा काट्यावर ठेवला. वजन मनात ठेवलं आहे. लिहायला बरं वाटत नाही.

१२ मे

डब्याचं वजन तेवढंच. आज सकाळीही तेवढंच. याचा अर्थ ती घरात खात नाही.

मग बाहेर कुठे?

१७ मे

मी फुलझाडांना पाणी घालत होतो. ही स्टुलावर चढली, पंख्याची धूळ पुसायला म्हणून, आणि तिच्या नजरेला पडलं की डब्याच्या झाकणावर मी पट्टी लावली आहे. खात्यात आम्ही मापांवर लावायचो तशी, काढली की फाटणारी. काल लावली होती. वजनात एखादं बिस्किट लपू शकतं.

बाल्कनीच्या दारात डबा घेऊन उभी राहिली.

"हे काय आहे?"

"काही नाही. मुंग्या येतात."

"मुंग्यांना वाचता येतं का? सही केलीय तुम्ही यावर."

सही केली होती खरी. हाताला सवय आहे.

"तुम्हाला वाटतं मी चोरून खाते."

"मला तसं वाटत नाही. पण कुठून तरी जातंय. सगळं तपासून झालं. राहिलं फक्त—"

"राहिले फक्त मी." तिनं डबा टेबलावर ठेवला, आदळला नाही. "माझ्या मुलीचं बाळंतपण आहे. मी बिस्किटासाठी ते घालवीन? एवढी वर्षं झाली आपल्याला. एवढंच ओळखलंत?"

मी म्हटलं, भावनेचा प्रश्न नाही. पद्धत आहे. एकेक शक्यता काढून टाकत जायची.

"मग मलाच काढून टाका ना," ती म्हणाली. "आणि सकाळ-संध्याकाळ पाव, पाव! मला एकदा तरी विचारलंत, पाव हवाय का? मला भात चालला असता. भात चालला असता हो मला!"

संध्याकाळी बहिणीकडे निघून गेली. बस सुटेपर्यंत मी थांबलो. विणकामाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. खिडकीतून म्हणाली, "गॅस बघा." बस्स.

२३ मे

आज पाव घेऊन मेहुणीकडे गेलो. उत्तम झाला होता. आजवरचा सगळ्यांत हलका. ही मागच्या अंगणात बसली होती. बरी दिसली. रुसलेलं माणूस आपल्याशी बोलत नाही म्हणून जास्त टवटवीत दिसत असावं.

"ठेवा तिथे," म्हणाली.

मेहुणी काय रांधते ते पाहिलं. भात. बटाटे. भाजी. उकडलेली अंडी. ना जवस, ना बिया. या घरात हिच्यासाठी कुणी काही वाचलेलं नाही, काही शोधलेलं नाही. मला वाईट वाटलं.

निघताना पाहिलं, पाव कुंपणावर होता आणि त्याला चिमण्या लागल्या होत्या. मेहुणी म्हणाली, "फार आवडला हो त्यांना, भावोजी."

६ जून

निकाल. रक्त वाढलं. भरपूर नाही, पण वाढलं. पोट शांत. दुसरा आकडा प्रथमच उतरला.

डॉक्टरीणबाई खूश. "काय बदललंत?"

"राहायला बहिणीकडे गेले," ही म्हणाली.

"तिथेच राहा मग." मग जुलैचं विचारल्यावर मान हलवली. "एवढ्यात नाही. हेच मार्चपासून सुरू झालं असतं तर म्हटलं असतं, जा. आता निदान सहा-सात आठवडे द्या."

ही बाहेर बाकावर बसून राहिली. पाणी विचारलं तर नको म्हणाली. मेहुणी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी फाईल धरून उभा होतो.

म्हणजे आमच्या घरातच काहीतरी आहे.

८ जून

बेकरी! तिचं धुराडं आमच्या खिडकीच्या रेषेत आहे. पीठ हवेतून येत असणार. स्वयंपाकघराच्या खिडकीला सगळीकडून चिकटपट्टी लावली. आत घाम फुटतो. सुचलं कसं नाही इतके दिवस? बाल्कनीचं दारही बंद ठेवायचं. फक्त खमिराला खायला घालण्यापुरतं उघडायचं.

१५ जून

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

मेहुणीनं फोन करून खमीर मागितलं होतं. तिला तिच्या घरासाठी साधा पाव करायचा होता. मला आनंद झाला. चला, काहीतरी आवडलं. छोट्या बरणीत घेऊन गेलो. तिघंही स्वयंपाकघरात होतो. ही टेबलाशी शेंगा सोलत होती. बऱ्याच दिवसांनी माझ्याशी नीट बोलली, पाणी दिलं, खिडकीच्या पट्ट्यांचं ऐकून "काय हो हे!" म्हणाली.

मेहुणीनं बरणी उजेडात धरली. "गोजिरवाणं आहे की. याला खायला काय घालायचं?"

"कुट्टूचं पीठ आणि पाणी. आणि चमचाभर साधं. त्याशिवाय फुलत नाही ते."

"साधं म्हणजे?"

"साधं म्हणजे साधं. गव्हाचं."

शेंगा सोलायचा आवाज थांबला.

"तुम्ही घालता?" हिनं विचारलं.

"आधी कधीतरी घालायचो. हल्ली रोज. पण घरात नाही, बाल्कनीत. हातमोजे घालून. स्वयंपाकघरात एक कणसुद्धा—"

"आणि मग ते खमीर कुठे जातं?"

"पिठात."

"आणि पीठ?"

मी विरजणाचं सांगायला सुरुवात केली. दही लागलं की विरजण कुणाचं, वगैरे. वाक्य अर्ध्यावर आलं आणि पुढचे शब्द होते तरी मी ते बोललो नाही.

मेहुणी तोंडावर हात धरून हसत सुटली. "अगं बाई! आणि बिस्किटांचा डबा तोलत होते! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच गं, ताई, हेच—" मग तिनं हिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बरणी खाली ठेवली.

ही म्हणाली, "त्याचं खाणं त्याला घातलंत. आणि ते मला घातलंत."

आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं उरलेल्या शेंगा सोलल्या. मी समोर बसून होतो. निघताना मेहुणीनं बरणी मागे ठेवून घेतली. म्हणाली, "हे आता माझं. आमच्याकडे गव्हाची सोय आहे."

घरी आलो. खिडकीच्या पट्ट्या काढल्या. मोठी बरणी रिकामी केली. पुष्कळ पाणी लागलं, ते काचेला धरून ठेवतं.

प्रत्येक पुडी मी तोलून घेत होतो. पाणी तोलत होतो, मीठ तोलत होतो. तो चमचा किती वजनाचा होता, ते मी कधी पाहिलं नाही.

१९ जून

डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं. त्या "असं होय" म्हणाल्या. जुलैचं पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

मुलीला मी सांगावं की हिनं, यावर काही बोलणं झालं नाही. मीच केला फोन. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही मुद्दाम नाही केलंत." हे मला माहीत आहे. त्यानं काय होतं?

११ जुलै

नात झाली. सकाळी फोन आला. मी मेहुणीकडे गेलो तेव्हा ही फोन हातात धरून, त्या चौकटीत ओल्या केसांचं एक डोकं बघत बसली होती. मुलगी तिकडून म्हणत होती, "आई, अगं किती जोरात धरते बोट!" जावयाची आई बाळाला घेऊन उभी होती. तिनं बाळाला घातलेलं टोपडं विकतचं होतं. इकडची विणलेली इथेच टेबलावर.

"अशी आडवी धरा हं तिला," ही त्या बाईंना सांगत होती. "मान सांभाळा. हो, अशी. तुम्हाला माहीतच आहे म्हणा."

फोन संपल्यावर आत गेली आणि दार लावून घेतलं. मी आणि मेहुणी बाहेर बसलो. मेहुणीनं मला एकही टोमणा मारला नाही. ते फार वाईट होतं.

२८ जुलै

ही घरी आली. स्वयंपाकघर परत घेतलं. मी चहाची गाळणी काढून दिली तेव्हा "सापडली वाटतं" एवढं म्हणाली. मी पिठाच्या पुड्या बांधून ठेवल्या आहेत. कांदा चिरायचं काम माझ्याकडे. तेही बारीक नाही म्हणते.

७ ऑगस्ट

परवानगी मिळाली. रक्त पुरेसं आहे. ही तेरा तारखेला निघते.

मी म्हटलं, मीही येतो.

"नको."

"का?"

"तिथे ओली बाळंतीण आहे. तुम्ही आलात की तिथेही काहीतरी फुगवत बसाल." मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "पुढच्या खेपेला या."

बारसंही झालं. नाव फोनवरच कळलं. बाळाचे पहिले दिवस गेले ते गेले. हे ती बोलत नाही. कपाटातून बॅग काढताना, बॅग भरताना, कुलूप शोधताना, सगळीकडे ते आमच्या दोघांच्या मध्ये असतं.

१२ ऑगस्ट

विमानात देतील त्याचा भरवसा नाही, बरोबर काहीतरी हवं. ही म्हणाली, "ते तुमचं दुकान कुठे आहे?"

मी एप्रिलपासून तिथे गेलो नव्हतो; पीठ लागलं तर शेजारच्या पोराला पाठवायचो. दारात पाय अडखळला. बाईंनी वर पाहिलं, मला ओळखलं, आणि हिला पाहून उठून उभ्या राहिल्या. "या काकू." मला काही म्हणाल्या नाहीत. स्टूल मात्र पुढे सरकवलं.

ही बसली नाही. हात मागे बांधून एका टोकापासून बरण्या बघत निघाली. मी तिच्यामागे. हा राजगिरा, म्हटलं. हे शिंगाड्याचं, याला पाणी कमी लागतं. हे जवस, हे दळून घेतलं तर... ती ऐकत होती की नाही कळेना. एका खणाची कडी ओढून तिनं आत वाकून वास घेतला. मग दुसऱ्याची. तिचे डोळे मिटलेले होते. मी बोलायचा थांबलो. या दुकानात मी इतका आलो आणि घरी जाऊन इतकं बोललो, पण हिला कधी घेऊन आलो नव्हतो.

ती काउंटरपाशी गेली.

"तुमच्याकडे असं काही आहे का," बाईंना म्हणाली, "ज्याचं काही करावं लागत नाही?"

बाईंना आधी समजलं नाही. मग त्या हसल्या आणि वाकून सगळ्यांत खालचा खण ओढला. जर्दाळू. आख्खे, सुरकुतलेले, तांबूस. त्यांनी मूठभर कागदावर ठेवले.

हिनं एक तिथेच उभ्यानं तोंडात टाकला. सावकाश खाल्ला. बाई वाट बघत होत्या, मीही. विचारावंसं वाटलं, कसा आहे. विचारलं नाही.

तिनं बी तोंडातून काढली आणि इकडेतिकडे पाहिलं. मी हात पुढे केला. तिनं बी माझ्या तळव्यावर ठेवली आणि दुसरा जर्दाळू उचलला.